देवरिया ताल: वारा उठायच्या आत पोचायचं कसं

पहिल्या खेपेला मी देवरिया तालाला सकाळी अकरा वाजता पोचलो. फोटोत पाहिलेलं डोक्यात होतं: आरशासारखं पाणी आणि त्यात उलटं उभं चौखंबाचं हिमशिखर. प्रत्यक्षात पाण्यावर बारीक सुरकुत्या होत्या, चौखंबाच्या जागी पांढरा ढग होता आणि काठावर कुठल्याशा कॉलेजची सहल ब्लूटूथ स्पीकर लावून बसली होती. मी अर्धा तास ढग हलायची वाट पाहिली. चहाच्या टपरीवरचा माणूस शेवटी न राहवून म्हणाला, "भैजी, ताल तो सुबह का है." दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा चढलो आणि तो काय म्हणत होता ते कळलं.

त्यानंतर दोनदा गेलो, एकदा आईला घेऊन. आता कुणी विचारलं की मी एकच सांगतो: चढ सोपा आहे, रस्ताही सापडतो. चुकते ती वेळ. म्हणून खालचा सगळा बेत सकाळच्या त्या दोन तासांपासून मागे मोजत केला आहे.

ताल आहे कुठे

उत्तराखंडात, रुद्रप्रयाग जिल्ह्यात, उखीमठच्या वर. गढवालीत आणि हिंदीत ताल म्हणजे तलाव, त्यामुळे 'देवरिया ताल तलाव' म्हणू नका, तिथली मंडळी गालात हसतात. उंची साधारण २,४३८ मीटर. पायथ्याचं गाव सारी, ते सुमारे २,००० मीटरवर. मधलं अंतर अडीच ते तीन किलोमीटर आणि चढ चारशे-साडेचारशे मीटरचा. आतकरवाडीतून सिंहगड चढणाऱ्याला हा चढ कमीच वाटेल. फरक उंचीचा आहे. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे सारी गावात जीपमधून उतरता तेव्हाच तुम्ही महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखरापेक्षा साडेतीनशे मीटर वर असता.

ताल लहान आहे. रमतगमत प्रदक्षिणा घातली तरी अर्ध्या तासात होते. तो एका धारेच्या माथ्यावरच्या खोलगटात आहे. तीन बाजूंना गवत आणि झाडं, उत्तरेकडे झाडांच्या शेंड्यांवर हिमशिखरांची रांग. डावीकडून केदारनाथ (६,९४० मीटर), मग मंदानी, आणि उजवीकडे सगळ्यांना खुजं करणारा चौखंबा (७,१३८ मीटर). चार खांबांसारखी चार शिखरं, म्हणून चौखंबा. सरळ रेषेत तो तीसेक किलोमीटर दूर आहे, पण पहाटेच्या स्वच्छ हवेत पलीकडच्या काठावरच उभा असल्यासारखा दिसतो.

गावकरी सांगतात, इथे देव स्नानाला येत, म्हणून देवरिया. दुसरी गोष्ट यक्षाची. पाणी आणायला गेलेले चार पांडव ज्या तळ्याकाठी कोसळले आणि जिथे युधिष्ठिराने यक्षाच्या प्रश्नांची उत्तरं दिली, ते तळं हेच, असं मानतात. ते खरं असो वा नसो, उत्तरं न देताही या तळ्याचं पाणी पिऊ नका. गुरं काठावर चरतात.

उलटं गणित

डोंगरात उन्हं तापली की दरीतून वर वारा सुटतो. तालावर हे साधारण आठ-साडेआठनंतर जाणवायला लागतं. आधी पाण्याचा एक कोपरा थरथरतो, मग सगळं चित्र मोडतं. दहा-अकरापर्यंत शिखरांना ढग चिकटायला लागतात आणि दुपारी बहुधा काहीच दिसत नाही. म्हणजे सूर्योदयाच्या आसपास तालावर असायला हवं. त्यासाठी सारीतून तास-सव्वा तास आधी निघायला हवं. त्यासाठी रात्र सारीतच काढायला हवी. सारीत उजेडी पोचायचं तर उखीमठला दुपारी चारपर्यंत, आणि उखीमठला चारला पोचायचं तर ऋषिकेशहून पहाटे पाचला सुटायला हवं. मुंबई-पुण्याहून गेल्यावर एक रात्र ऋषिकेश किंवा हरिद्वारला राहणं यात आपोआप आलं.

सूर्योदयाच्या वेळेत आपली माणसं हमखास फसतात. हे ठिकाण आपल्यापेक्षा बरंच पूर्वेला आणि उत्तरेला आहे. मेअखेरीस मुंबईत सूर्य सहाला उगवतो, तिथे सव्वापाचलाच. एप्रिलच्या मध्यावर पावणेसहाच्या पुढे, ऑक्टोबरच्या मध्यावर सव्वासहा, नोव्हेंबरच्या मध्यावर पावणेसात. घरचा अंदाज धरून गजर लावलात तर मे महिन्यात पाऊण तास हातचा जाईल.

कोणत्या महिन्यात

माझी पसंती ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा आणि नोव्हेंबरचा पहिला. पाऊस सरलेला असतो, हवा धुतल्यासारखी असते, शिखरांवर नवा बर्फ पडलेला असतो. दिवाळीची सुट्टी नेमकी याच काळात येते, त्यामुळे खोली आधी सांगून ठेवा.

दुसरा काळ मार्चअखेर ते एप्रिल. तेव्हा वाटेवरचं जंगल बुरांसच्या, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनच्या फुलांनी लालभडक होतं. ही झाडं आपल्या पळसासारखी पानं टाकून फुलत नाहीत. गर्द हिरव्या पानांतच मुठीएवढे लाल गुच्छ लागतात. गावात त्याचं सरबत मिळतं, आंबट-गोड, कोकमाच्या जवळ जाणारं. या काळात एकच भीती, दुपारचा पाऊस आणि गारा. सकाळी वर जाऊन खाली येणाऱ्याला तो क्वचितच गाठतो.

मे-जूनमध्ये ताल छान असतो, पण रस्ता नाही. चारधाम यात्रेतली केदारनाथची गर्दी कुंडपर्यंत तुमच्याच रस्त्यावर असते. सहा-सात तासांचे दहा-बारा तास कधी होतात कळत नाही.

पावसाळ्यात जाऊ नका. जळवा हा त्यातला किरकोळ त्रास. खरा धोका दरडींचा. याच उखीमठ भागात १९९८च्या ऑगस्टमध्ये आणि २०१२च्या सप्टेंबरमध्ये दरडींनी वस्त्या गाडल्या, आणि २०१३च्या जूनमध्ये केदारनाथहून आलेल्या पुराने मंदाकिनीचं खोरं कापून नेलं. 'सह्याद्रीत आम्ही पावसातच ट्रेक करतो' हा हिशेब इथे लावू नये. हिमालयाचे हे डोंगर भुसभुशीत आहेत आणि रस्ता त्यांच्याच पोटातून जातो.

जानेवारी-फेब्रुवारीत बर्फ असतो. ताल कधी कधी गोठतो, मग प्रतिबिंबाचा प्रश्नच मिटला. दृश्य सुंदर असतं, पण बुटांना लावायचे काटे आणि गावातला माणूस सोबत हवा.

ऋषिकेश ते सारी

मुंबईहून हरिद्वारला थेट गाड्या आहेत, विमानाने डेहराडून. ऋषिकेशहून उखीमठ साधारण १८० किलोमीटर. पहाटे चार-पाचपासून बस सुटतात. थेट उखीमठची मिळाली तर उत्तम, नाहीतर रुद्रप्रयागची पकडा आणि तिथून शेअर जीप करा. तिथे तिला मॅक्स म्हणतात. दहा माणसं भरल्याशिवाय मॅक्स हलत नाही. घाई असेल तर उरलेल्या जागांचे पैसे देऊन टाका, पण चालकाशी आधी बोलून. अंधार पडल्यावर पहाडात या गाड्या चालत नाहीत, हे लक्षात ठेवूनच वेळ ठरवा.

वाटेत तीन धारा नावाच्या थांब्यावर बस पराठ्यांसाठी थांबते. वळणांनी पोट ढवळणाऱ्यांनी इथे मोह आवरावा. आमच्या गाडीतल्या एका काकांनी तीन आलू पराठे आणि वर लस्सी घेतली. पुढची हकीकत सांगण्यासारखी नाही. ॲव्होमिन निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्या, मळमळायला लागल्यावर नव्हे. सोबत आवळा सुपारी किंवा आलेपाक ठेवा आणि जागा चालकाच्या मागच्या रांगेत धरा. मागच्या आसनांवर प्रत्येक वळण दुप्पट लागतं.

देवप्रयागला उजवीकडे डोकावायला विसरू नका. भागीरथी आणि अलकनंदा तिथे मिळतात, दोन्ही पाण्यांचे रंग वेगळे दिसतात, आणि गंगा हे नाव तिथून पुढे. मग श्रीनगर, हे काश्मीरचं नव्हे, गढवालचं. मग रुद्रप्रयाग. इथे अलकनंदेची साथ सोडून मंदाकिनीच्या काठाने अगस्त्यमुनीवरून कुंडला जायचं. कुंडला फाटा फुटतो. डावीकडे गुप्तकाशी-केदारनाथ, उजवीकडे उखीमठ-चोपता. जीपवाल्याला 'सारी' नीट सांगा. सगळे तुंगनाथच्या देवळाच्या पायथ्याशी असलेल्या चोपत्यालाच जातात, त्यामुळे तो तुम्हालाही त्यातच धरतो.

उखीमठ हे शेवटचं बऱ्यापैकी बाजाराचं गाव. इथे तीन कामं उरका: एटीएममधून रोख रक्कम काढा (सुट्ट्या नोटा मागून घ्या, रेंज नसली की यूपीआय कामाचं नाही), औषधं घ्या, आणि घरी फोन करून सांगा की उद्या दुपारपर्यंत लागला नाही तर काळजी नको. सारीची जीप उखीमठहून मस्तुऱ्यावरून जाते, अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. दुपारनंतर जीपा विरळ होतात. नाहीच मिळाली तर पूर्ण गाडी ठरवावी लागते, आणि चार जणांत तो खर्च जड जात नाही.

सारीतली रात्र

सारी म्हणजे पायऱ्यापायऱ्यांची शेतं, पाटीव दगडांची जुनी छपरं आणि त्यांच्या मध्येमध्ये उगवलेली होमस्टेची नवी घरं. घरगुती ठिकाण बघा. खोली घेण्याआधी तीन गोष्टी विचारा: गरम पाणी बादलीने मिळेल का, रजया माणशी दोन आहेत का, आणि पहाटे साडेचारला चहा मिळेल का. तिसऱ्या प्रश्नाला जी घरधनीण हसून 'क्यों नहीं' म्हणते, तिथे राहा.

आम्ही ज्यांच्याकडे उतरलो त्या दीदींनी रात्री चुलीपुढे बसवून जेवायला वाढलं. ताटात काळसर, जाड रोटी आली. आईने एक तुकडा मोडला, चावला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "अरे, ही तर नाचणीची भाकरी!" दीदी म्हणाल्या, "मंडुआ." मग वाटीत पातळ तपकिरी डाळ. आईने नुसत्या वासावरून ओळखलं, "कुळीथ." दीदी म्हणाल्या, "गहत." सावंतवाडीत वाढलेली माझी आई आणि केदारखंडातल्या दीदी पुढचा तासभर एकमेकींना धान्यांची नावं सांगत बसल्या, एकीचं हिंदी मोडकं आणि दुसरीचं गढवाली ढंगाचं. झंगोऱ्याची खीर आली तेव्हा आईने निकाल दिला: "आपल्या भगरीची सख्खी बहीण." तिथे गेलात तर मॅगी मागू नका, हे सगळं मागा. आदल्या दिवशी सांगितलं तर हमखास करतात.

हॉटेलात मागवतो तसं तिथे काही लगेच येत नाही. सात वाजता जेवण सांगितलं तर आठला येतं. पण नऊला तुम्ही झोपलेले हवेत.

सॅकमध्ये काय

फार काही नाही. माणशी दोन लिटर पाणी, कारण वाटेत पाण्याचा भरवसा नाही. चांगल्या पकडीचे बूट. नवे कोरे घालून जाऊ नका, महिनाभर घरी वापरून घ्या. कपडे थरांत: आत घाम सुकवणारा टीशर्ट, त्यावर लोकर किंवा फ्लीस, वर वारा अडवणारं जॅकेट. चढताना फ्लीस काढावं लागतं आणि तालावर बसल्यावर पुन्हा घालावं लागतं. एकच जाडजूड स्वेटर नेणाऱ्याची पंचाईत इथेच होते: घातला तर घाम, काढला तर हुडहुडी. माकडटोपी नि हातमोजे विसरू नका. फोटो काढायला हातमोजा काढलात की दोन मिनिटांत बोटं बधिर होतात.

डोक्याला लावायची विजेरी घ्या, हातातली नको, हात मोकळे हवेत. फोन आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा. थंडीत चाळीस टक्के असलेली बॅटरी बघता बघता मान टाकते. खायला चिक्की, दशम्या, भडंग, काहीही चालेल, पण त्याचं प्लास्टिक तुमच्याच सॅकमधून परत आलं पाहिजे. आधार कार्ड जवळ असू द्या, वनखात्याच्या चौकीवर नोंद करताना लागू शकतं.

उंचीचं म्हणाल तर, विरळ हवेचा खरा त्रास बहुतेकांना अडीच हजार मीटरच्या पुढे सुरू होतो, आणि ताल त्याच्या जरा खालीच आहे. तरीही पहिल्या दिवशी डोकं जड होतं, ते बहुधा पाणी कमी प्यायल्यामुळे. रक्तदाबाची किंवा हृदयाची औषधं चालू असतील तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या.

चढ

एप्रिलमध्ये आम्ही सव्वापाचला निघालो. पूर्वेला जेमतेम करडं झालं होतं. अगदी काळोखात निघू नका, आणि निघायचंच असेल तर गावातला एक जण सोबत घ्या. जंगलात अस्वल आहे, बिबट्याही आहे. याच जिल्ह्यातल्या नरभक्षक बिबट्याला जिम कॉर्बेटने १९२६ साली रुद्रप्रयागजवळ गुलाबरायला मारलं. आता तसली दहशत नाही, पण गावातल्या बायका आजही एकेकट्या गवताला जात नाहीत. वाटेत गप्पा मारत चाला, एवढी खबरदारी बहुतेक वेळा पुरते. जनावराला तुमची चाहूल आधी लागली की ते आपण होऊन बाजूला होतं.

वाट गावातूनच सुरू होते आणि ती दगडांनी बांधलेली आहे. हरवायची भीती जवळजवळ नाही. सुरुवातीची दहा मिनिटं घरांच्या मधून आणि शेतांच्या बांधांवरून, कुत्री भुंकतात, गोठ्यातून धूर येत असतो. मग शंकराचं एक जुनं दगडी देऊळ लागतं. तिथे थांबून फ्लीस काढा. खरा चढ तिथून पुढे आणि अंग तापलेलं असतं.

पुढे वळणावळणाने वर. खाली सारीची छपरं लहान होत जातात. झाडी दाटते, बुरांस आणि बांज. बांज म्हणजे इथला ओक, खरबरीत खोडाचा, काटेरी कडांच्या पानांचा. गढवाली माणूस म्हणतो, बांज असेल तिथे पाणी असतं. झाडाच्या मुळाशी पालापाचोळ्याची जी ओलसर गादी असते ती हाताने दाबून पाहा, त्याचं म्हणणं पटेल. डोक्यावर पुढे झुकलेला तुरा घेऊन हिमालयन बुलबुल याच टप्प्यात दिसतो.

एक इशारा अनुभवातून. पायवाटेच्या कडेला कमरेइतकी वाढलेली, करवती कडांची हिरवी झुडपं दिसतील. ती कंडाली, हिंदीत बिच्छू घास. मी तोल सांभाळायला तीत हात घातला. खाजकुयली लागल्यावर काय होतं ते ठाऊक असेल तर त्याला विंचवाच्या नांगीची जोड द्या. चोळू नका, चोळलं की आतले बारीक काटे आणखी रुततात. थंड पाणी घाला आणि तासभर सहन करा. गंमत म्हणजे हिचीच कोवळी पानं उकडून गावात भाजी करतात, आणि ती चवीला चांगली लागते. मी सूड म्हणून दोन वाट्या खाल्ली.

चालीची लय लहान पावलांची ठेवा. बोलताना वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त आहे असं समजा. सवयीचा माणूस पाऊण तासात पोचतो, सर्वसाधारण माणूस सव्वा तासात. आई तेव्हा चौसष्टची होती, गुडघे कुरकुरणारे. तिला दोन तास लागले. तिला घेऊन म्हणून आम्ही चंद्रप्रकाशात, दीदींच्या मुलाला सोबत घेऊन, साडेचारलाच निघालो होतो. चालणं जमणारच नसेल तर गावात खेचर मिळतं, पण आदल्या संध्याकाळी ठरवावं लागतं.

शेवटची दहा मिनिटं वाट जवळपास सपाट होते. इथे वनखात्याच्या चौकीवर शुल्क भरून पावती घ्यायची. इतक्या पहाटे चौकीवर कुणी नसेल तर परतताना भरा. पावती टाळायची युक्ती म्हणून पहाटे जाणारे महाभागही असतात. तसं करू नका. हे जंगल केदारनाथ वन्यजीव अभयारण्याच्या पट्ट्यातलं, १९७२ साली मुख्यतः कस्तुरीमृगासाठी राखलेलं.

तालावर

पोचल्या पोचल्या जिथे सगळे थांबतात तिथे थांबू नका. वाट ज्या दक्षिण काठाला येते तिथून प्रतिबिंब दिसतं खरं, पण मधे झाडं येतात. काठाने डाव्या-उजव्या बाजूला थोडं सरकत राहा आणि चौखंबाची चारही टोकं पाण्यात मोजता येतील अशी जागा शोधा. पाण्याची पातळी ऋतूप्रमाणे बदलते, त्यामुळे नेमकी जागा दरवेळी वेगळी.

मग खाली बसा. खरंच, फोटोसाठीही. डोळा जितका पाण्याजवळ तितकं प्रतिबिंब मोठं. उभ्याने काढलेल्या फोटोत निम्मी शिखरं कापली जातात. कॅमेऱ्याला पोलरायझर लावला असेल तर काढून ठेवा. पाण्यावरची चकाकी घालवणं हेच त्याचं काम, आणि इथे नेमकी तीच चकाकी हवी असते. मी पहिल्या पहाटे तो लावून वीस मिनिटं फिरवत बसलो आणि प्रतिबिंब फिकं का येतंय म्हणून वैतागलो.

उजेड कसा येतो ते बघण्यासारखं आहे. आधी सगळी रांग शिशासारखी करडी असते. मग चौखंबाच्या टोकावर तांबूस ठिपका पडतो आणि तो खाली उतरायला लागतो. आपण मात्र अजून सावलीत, बोटं काखेत घालून बसलेले. पाण्यातला ठिपका उलट वर चढत येतो. वरचा आणि खालचा एकमेकांकडे सरकत असतात. पाण्यावर हलकी वाफ असते. मग कुठेतरी मासा उसळतो किंवा काठावरची गाय पाण्यात तोंड घालते, आणि सगळा चौखंबा हळूहळू वर्तुळांत विरघळतो, पुन्हा जुळतो. आई हे बघून एकच बोलली, "आता कुणी काही बोलू नका." तासभर आम्ही बोललो नाही.

पाण्यात उतरू नका. काठ गाळाचा आहे, पाणी बर्फासारखं गार आहे आणि गावकऱ्यांसाठी जागा देवाची आहे. तंबू काठावर लावू देत नाहीत, तालापासून लांब लावतात. जवळच वनखात्याचा मनोरा आहे, चालू असेल तर वर चढा. तिथून ताल आणि शिखरं एका नजरेत येतात. साडेसात-आठला टपऱ्या उघडतात. चहा प्या, आणि पहिल्या झुळुकीने पाणी मोडलं की समजा, दिवसाचं मुख्य काम संपलं.

पुढे जायचं की मागे

पाय शिल्लक असतील तर तालाच्या मागून धारेवरची पायवाट धरा आणि तासभर चालून परत फिरा. गर्दी तालापाशीच संपते. पुढे जंगल, मधूनच उघडं कुरण, आणि शिखरं सोबतीला चालल्यासारखी. कुरणाला इथे बुग्याल म्हणतात. हीच वाट पुढे रोहिणी बुग्यालवरून चोपत्याच्या बाजूला उतरते. ती पूर्ण दिवसाची, पंधरा-सोळा किलोमीटरची चाल आहे, फाटे फसवे आहेत आणि मधे वस्ती नाही. वाटाड्या घेतल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये, आणि घेतला तर सामान गाडीने चोपत्याला पाठवायची सोय आधी करावी. चोपत्याहून दुसऱ्या दिवशी तुंगनाथ (३,६८० मीटर) करता येतं.

दहापर्यंत मात्र परतीला लागा. उतार सोपा वाटतो आणि गुडघ्यांना तोच लागतो. बांधलेल्या वाटेवर दव असतं आणि दगड गुळगुळीत झालेत. घसरलेली माणसं मी चढताना नाही, उतरतानाच पाहिली आहेत. आईला आम्ही वाकडंतिकडं, नागमोडी चालत उतरवलं, आणि काठी चढताना हातात नव्हती ती उतरताना घेतली.

सारीत अकराच्या आसपास पोचाल. अंघोळ, जेवण, आणि जीप. उखीमठला दीडेक तास हाताशी असेल तर ओंकारेश्वराच्या देवळात जा. हिवाळ्यात केदारनाथ बर्फाखाली गेल्यावर तिथली पूजा इथे चालते, मद्महेश्वराचीही. उखीमठ हे नाव बाणासुराच्या कन्येवरून, उषेवरून आलं असं सांगतात. तिचं आणि अनिरुद्धाचं लग्न इथेच लागलं म्हणे.

त्याच दिवशी ऋषिकेश गाठायचा अट्टहास करू नका. दुपारी निघून रुद्रप्रयाग किंवा श्रीनगरला मुक्काम करा आणि परतीची रेल्वे दुसऱ्या दिवशी रात्रीची धरा. दरड पडून रस्ता बंद झाला तर तो लगेच उघडत नाही, तेवढी सूट बेतात हवीच. निघताना दीदींनी आईच्या पिशवीत पावशेर गहत बांधून दिले. सावंतवाडीला आजीकडे त्याची पिठी झाली. आजीने चाखून सांगितलं की कुळीथ बरे आहेत, फक्त भाजताना थोडे कमी पडलेत.